आप्पांनी पारखलेला पंखा

आमच्या घरात कुठलीही मोठी वस्तू यायची ती आप्पांच्या हातून. आप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, थोरले भाऊ. ते पाचोडला राहायचे आणि आम्ही शहरात, मुकुंदवाडीला. तरी सायकल घ्यायची असो, शिलाई मशीन घ्यायचं असो, नाहीतर साधी पत्र्याची पेटी, अण्णा एसटीनं पाचोडला जायचे आणि आप्पांना सोबत घेऊन यायचे. आप्पांचा धंदा मेंढरांचा. मेंढा पारखावा तर आप्पांनीच, असं बाजारात म्हणायचे. ते जनावराच्या पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवायचे, ओठ उचलून दात बघायचे, छातीवर थाप मारून कान लावायचे, आणि मग उपरण्याखाली व्यापाऱ्याची बोटं धरून मुकाट्यानं सौदा करायचे. मेंढ्यांच्या बाबतीत ते खरंच चुकत नसत. हे मी आजही मान्य करते, कारण खोटं बोलून मला काही मिळायचं नाही. माझं भांडण मेंढ्यांच्या पुढं सुरू होतं.

अण्णा चिकलठाण्याच्या एका कंपनीत बॉयलरवर होते. लाकूड टाकायचं, राख काढायची, काट्यावर लक्ष ठेवायचं. एक दिवस कंपनीच्या फाटकाला कुलूप लागलं ते लागलंच. काही महिने अण्णा सकाळी डबा घेऊन निघायचे आणि त्या फाटकासमोर इतर लोकांबरोबर बसून परत यायचे. डबा मात्र रिकामा यायचा, एवढंच आईला समाधान. मग एका नर्सिंग होममध्ये झाडझूड करणाऱ्या ओळखीच्या बाईनं आईला सांगितलं, की तिथल्या चादरी धुवायला माणूस मिळत नाही. आईनं पहिलं गाठोडं डोक्यावरून घरी आणलं, त्या दिवशी आमच्या नात्यातल्या एका म्हातारीनं दारात उभं राहून विचारलं, ‘‘धनगराच्या बायका कवापासून लोकायची कापडं धुयाला लागल्या गं?’’ आई म्हणाली, ‘‘मेंढरं राहिली नायत, मामी. मग लोकर कुठली धुयाची?’’ म्हातारी चहा पिऊन गेली आणि पुढं नात्यात सगळीकडे सांगत फिरली. पण सहा महिन्यांत तीन नर्सिंग होमच्या चादरी आमच्याकडे यायला लागल्या.

दवाखान्याची चादर थंड पाण्यात निघत नाही. ती उकळावी लागते. चुलीवर पातेली चढवून आईची कंबर गेली तेव्हा अण्णांनी बॉयलर बांधायला घेतला. त्यांचे ते दिवस मला आवडले होते, हेही लिहिलं पाहिजे. कंपनी बंद पडल्यापासून घरात वावरताना ते अंग चोरायचे, ते आता हातात खडू घेऊन अंगणातल्या फरशीवर आकृत्या काढायला लागले. भंगारातून एक जाड टाकी आणली, तिच्या पोटातून धूर जायला नळ्या घातल्या, खाली विटांची भट्टी, पुढं लोखंडी दार, मागं धुराडं. वेल्डिंगचा निळा उजेड भिंतीवर नाचायचा आणि आई आम्हा बहिणींवर ओरडायची, ‘‘बघू नका गं तिकडं, डोळे जातील.’’ शेजारपाजारचे त्याला मोठा बंब म्हणायचे. अण्णा तेवढ्यापुरते थांबून दुरुस्ती करायचे, ‘‘बंब नाय, बायलर हाय त्यो.’’

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो उभा राहिला. पहाटे लाकडं फोडल्याचा आवाज, मग टाकीतलं पाणी गुणगुणायला लागायचं, मग ओल्या चादरी दगडावर आपटल्याचा धपधप आवाज, आणि या सगळ्यावरून विमान इतकं खालून जायचं की आईचं बोलणं अर्ध्यात तुटायचं. ती विमान जाईपर्यंत थांबायची आणि वाक्य तिथूनच पुढं चालू करायची. दुपारी भाकरी, लसणाची चटणी आणि पातळ येसर आमटी. ती आमटी आम्ही शेडमध्येच बसून खायचो, बॉयलरच्या उबेला पाठ करून. हिवाळ्यात यापेक्षा चांगली जागा अख्ख्या मुकुंदवाडीत नव्हती.

अडचण एकच होती, धूर. अण्णांनी धुराडं चांगलं उंच केलं होतं, पण मागच्या घरातल्या बाईंच्या गच्चीवर काजळी पडायला लागली. त्यांच्या कुरडया काळ्या झाल्या. त्यांनी घरमालकाला गाठलं आणि घरमालकानं अण्णांना. धुराडं अर्ध्यावर कापावं लागलं. आता धूर वर जायचाच नाही. भट्टीच्या दारातून, विटांच्या सांध्यांतून तो शेडमध्ये यायचा. आई फुंकणीनं फुंकत बसायची. वेड्या बाभळीची लाकडं, निम्मी ओली. संध्याकाळी तिचे डोळे लालभडक असायचे आणि खोकला जेवतानाही थांबायचा नाही. तेव्हा अण्णा म्हणाले, ‘‘पंखा बसवावा लागंल.’’ आणि लगेच पुढचं वाक्य, ‘‘आप्पाला घिऊन येतो.’’

इथं एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर आजच्या वाचकाला आई मुकी होती असं वाटेल. आप्पा तिचे भाये, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. भायासमोर डोक्यावरचा पदर सरकता कामा नये आणि त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. काही सांगायचं असेल तर लेकराच्या तोंडून सांगायचं. आप्पा आले त्या संध्याकाळी आईनं कोंबडीचा रस्सा केला, ताटं लावली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून मला म्हणाली, ‘‘सांग तुझ्या अण्णाला, धूर ओढून वर नेणारा पंखा आणा म्हणावं. फुंकणारा नको. फुंकायला मी हाय की.’’ आवाज मुद्दाम मोठा होता. बाहेर आप्पांना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी रस्सा ओरपला आणि म्हणाले, ‘‘तिखट झकास झालंय.’’

बाजाराला आई गेली नाही. जनावर आणायला बायकांनी जायचं नाही, त्यांची नजर लागते, असं आप्पांचं मत होतं, आणि पंखा आता जनावरात जमा झाला होता. मला मात्र नेलं, कारण मी अकरावीला सायन्स घेतलं होतं आणि मोटारीवरची इंग्रजी पाटी वाचायला कुणीतरी हवं होतं. माझी नजर बहुधा अजून कच्ची धरली असावी.

भंगारवाल्यांच्या ओळीत करीमभाईंचं दुकान होतं. अण्णांची टाकीही तिथूनच आलेली. करीमभाईंनी दोन पंखे दाखवले. एक कुठल्याशा ओतशाळेतला, बिडाचा, जाड अंगाचा, हिरवा रंग अजून शाबूत असलेला. दुसरा पत्र्याचा, आतून बाहेरून काजळीनं काळा, एका बेकरीच्या धुराड्यावरून उतरवलेला. करीमभाई म्हणाले, ‘‘ये हरा वाला हवा फेकता, भट्टी के मूं में. वो काला वाला धुआं खींचता, चिमनी में लगाने का. तुमना कौनसा होना, तुम बोलो.’’ यापेक्षा सरळ कुणी काय सांगणार? अण्णा काळ्या पंख्याकडे बघत होते. त्यांनी खाली वाकून त्याचं पातं बोटानं फिरवलंसुद्धा. मी म्हणाले, ‘‘आईनं ओढणाराच सांगितलाय.’’

आप्पा हसले. ‘‘तुझी आई बाजार करती व्हय आता?’’ मग त्यांनी दोन्ही पंखे पारखायला घेतले. हिरव्यावर थाप मारली, बिडाचा आवाज घुमला, त्यांची मान डोलली. काळ्यावर थाप मारली तर पत्रा खडखडला. हिरवा उचलायला दोन माणसं लागली, काळा एकट्यानं उचलला गेला. ‘‘आंग न्हाई ह्याला,’’ आप्पा म्हणाले. मग त्यांनी दोन्ही चालू करायला लावले. हिरव्याच्या समोर उभे राहिले तसा त्यांचा सदरा फुगला, मिशा मागं गेल्या, चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद आला. मग ते काळ्याच्या समोर गेले. तिथं वारा काहीच येईना. ते आणखी पुढं सरकले आणि त्यांच्या उपरण्याचं टोक सर्रकन पंख्याच्या तोंडाला जाऊन चिकटलं. आप्पांनी ते हिसडून काढलं. टोक काळं झालं होतं. ‘‘ह्यो तर खायला उठला,’’ ते म्हणाले. ‘‘घरात देणारं आणावं किसन, खाणारं आणू नाय.’’

दुकानातली माणसं हसली. करीमभाईही हसले, त्यांना काय, त्यांचे दोन्ही पंखे विकायचेच होते. मी अण्णांकडे बघत राहिले. अण्णांनी काळ्या पंख्यावरचा हात काढला, विजारीला पुसला आणि म्हणाले, ‘‘तुमी म्हणाल तसं, आप्पा.’’ आप्पांनी करीमभाईंचा हात उपरण्याखाली धरला. करीमभाईंना ती बोटांची भाषा येत नव्हती, पण त्यांनी हात सोडवला नाही. पाचोडचा एक मेंढ्यांचा व्यापारी आणि शहरातला एक भंगारवाला काळ्या पडलेल्या कापडाखाली बराच वेळ हात धरून उभे होते. हे दृश्य मी लग्नकार्यात सांगितलं की लोक अजून पोट धरून हसतात. मीही हसते, मग थोड्या वेळानं उठून आत जाते.

पंखा घरी आला तेव्हा आईनं दारातच त्याला हळदीकुंकू वाहिलं, नारळ फोडला, ओवाळलं. पंख्याकडे एकदाच बघितलं आणि मला म्हणाली, ‘‘ह्यो फुंकणारा हाय.’’ मी मान हलवली. तिनं पदर पुढं ओढून घेतला. आप्पा समोर होते.

अण्णांनी तो भट्टीच्या खालच्या तोंडाला बसवला. बटण शेडच्या दारापाशी, भट्टीपासून लांब. पहिल्या दिवशी सगळे खूश. आग अशी भडकली की पाणी निम्म्या वेळात उकळलं. आप्पा दोन दिवस राहिले आणि येईल त्याला शेडमध्ये नेऊन वारा दाखवत राहिले. धुराचं म्हणाल तर तो जास्तच झाला, कारण पंखा त्याला आतून रेटायचा आणि वर जायला वाट अपुरी. ज्या सांध्यांतून आधी तो झिरपायचा तिथून आता फवारे सुटायला लागले. अण्णा शेणमातीनं सांधे लिंपायचे, ते दुसऱ्या दिवशी तडकायचे. आईनं तोंडाला ओला फडका बांधायला सुरुवात केली. एकदा तिनं अण्णांना सरळच विचारलं, ‘‘आवो, बदलून मिळंल का त्यो?’’ अण्णा म्हणाले, ‘‘आप्पानं आणलाय.’’ जणू बदलून द्यायला करीमभाईंची नव्हे, पाचोडची परवानगी लागणार होती. तशी ती लागणारच होती म्हणा.

मागच्या वर्षी माझ्या मुलानं स्वयंपाकघरात चिमणी बसवून घेतली. तो तरुण विक्रेता चकचकीत पुस्तिका उघडून रंग दाखवत होता. मी त्याला विचारलं, ‘‘हिच्यासमोर कागद धरला तर चिकटतो का?’’ त्यानं कागद धरला, तो चिकटला. मी म्हणाले, ‘‘रंग कुठलाही दे.’’ सून माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं माहीत नाही.

हिरवा पंखा बसवला त्या वर्षीचे थंडीचे दिवस होते आणि रात्री भुरभुर पाऊस झाल्यानं लाकडं जास्तच ओली होती. सकाळची वेळ. मी अंगणात चादरी वाळत घालत होते, कॉलेजला जायची घाई होती. अण्णा गाठोडी पोचवायला गेले होते. शेडमध्ये पंख्याची घरघर चालू होती. आईनं थोड्या वेळापूर्वी ओली लाकडं भरून दार लावलं होतं. आग दिसेना म्हणून ती दार उघडून बघायला वाकली. मला स्फोटासारखा आवाज आला नाही. कुणीतरी मोठा पडदा झटकावा तसा एक भप्पकन आवाज आला आणि शेडच्या पत्र्यांच्या फटींतून केशरी उजेड दिसला. मी धावले तेव्हा भट्टीच्या उघड्या दारातून ज्वाळ हातभर बाहेर येत होती, पंखा तिला मागून ढकलतच होता, आणि आई पाठीवर पडली होती. पदर पेटला होता. मी हातातली ओली चादर तिच्यावर टाकली आणि तिला ओढत बाहेर आणलं. ती ओरडत नव्हती. ‘‘चादर खराब व्हईल,’’ म्हणत होती.

घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, तिला बरेच दिवस ठेवलं. उजवा डोळा गेला. उजवा गाल आणि मान आक्रसून गेली, उजव्या हाताची बोटं पुढं कधी पुरती मिटली नाहीत. तोंडाला पट्ट्या होत्या तेव्हा ती डाव्या हातानं अंथरुणाची चादर चाचपायची आणि मला हळूच सांगायची, ‘‘ही उकळलेली नाय.’’ मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडून यायचे.

आप्पा भेटायला आले. शेळीचं दूध घेऊन आले, कारण जखमेला ते चांगलं असं त्यांना वाटायचं. त्यांना वाईट वाटलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. बराच वेळ ते कॉटच्या पायाशी उभे राहिले आणि आईनं तशा अवस्थेत डाव्या हातानं डोक्यावरचा पदर चाचपला. पदर नव्हता, दवाखान्याचा झगा होता. मग तिनं चादरच डोक्यावर ओढून घेतली. आप्पा अण्णांना म्हणाले, ‘‘बाईमाणसानं मशिनीत हात घालावाच कशाला? मशीन काय तिला वळखती व्हय?’’ अण्णा फरशीकडे बघत उभे होते. मी वाट बघितली. ते काहीतरी बोलतील अशी इतकी खात्री मला होती, की मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. ते म्हणाले, ‘‘व्हय, आप्पा.’’

झालं. पुढची सगळी वर्षं घरादारात हीच गोष्ट चालली. किसनच्या बायकोनं मशिनीत हात घातला आणि भाजून घेतलं. लग्नात, बारशात, कुणीतरी नवी सून आईच्या चेहऱ्याकडे चोरून बघायची आणि कुणीतरी मोठी बाई तिच्या कानात हेच सांगायची. आईच्या अंगावर व्रण राहिला आणि वर त्याचा दोषही तिच्याच पदरात पडला. माझं कॉलेज त्या वर्षी सुटलं, गाठोडी मी धुवायला लागले. त्याचं मला एवढं काही नाही. बारावी मी नंतर बाहेरून केली.

आई घरी यायच्या आधी अण्णा एका सकाळी कुणालाच न सांगता निघून गेले. दुपारी रिक्षातून करीमभाईंकडचा तो काळा पंखा घेऊन आले. हिरवा काढला, काळा धुराड्याच्या तळाशी बसवला. चालू केला आणि भट्टीचं दार उघडलं. धूर आत ओढला गेला, आग आत वळली, शेड स्वच्छ. मी बघत उभी होते. त्यांना एकदाही कुठं अडखळायला झालं नाही, कुणाला काही विचारावं लागलं नाही. हातांना सगळं पाठ होतं. पाचोडला निरोप गेला तो असा, की हिरव्या पंख्याची मोटार जळाली. आप्पा म्हणाले म्हणे, ‘‘लई ताकदीचं जनावर होतं.’’ ते गेले तेव्हाही त्यांच्या नावामागं हेच लागलं, की आप्पांनी हात लावलेली वस्तू कधी वाया गेली नाही.

आप्पा गेल्यावर, दिवस वगैरे झाल्यावर, आम्ही पाचोडहून परत आलो होतो. अण्णाही तोवर थकले होते. चादरींचं काम कधीच बंद झालं होतं, शेडमध्ये आता माझ्या भाच्याची मोटारसायकल असायची. अण्णा ओसरीवर बसले होते. आई उंबऱ्यात अंबाडी निवडत होती, नेहमीसारखी मान तिरकी करून, डाव्या डोळ्यासमोर एकेक पान धरून. आता भाये नव्हते, कुणाचा मान राखायचा नव्हता. मी विचारलं, ‘‘अण्णा, कुठला पंखा पाहिजे ते तुम्हाला माहीत होतं ना?’’

त्यांनी टाळलं नाही. ‘‘व्हय. कंपनीत तसलाच होता, ओढणारा.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘आप्पाच्या तोंडावर कसं बोलू? चार लोकांत त्येची पारख खोटी पाडू? बापाच्या जागी होता त्यो मला.’’

‘‘बरं, ते राहू द्या. फुंकणारा पंखा चालू असताना भट्टीचं दार उघडायचं नाही, आधी बटण बंद करायचं, हे माहीत होतं?’’

‘‘ते तर पयल्या दिवशी शिकिवत्यात कंपनीत.’’

‘‘मग आईला एवढं तरी सांगायचं.’’

अण्णा स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. ‘‘सांगितलं असतं तर ती म्हणली असती, असला कसला पंखा आणलाय आप्पानं.’’

मला जे बोलायचं होतं ते माझ्या तोंडाशी आलं होतं. इतकी वर्षं साठवलेलं सगळं. पण आई मध्येच बोलली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलट काहीतरी जुनं कोडं सुटल्यावर माणूस बोलतं तशी ती बोलली. हातातलं पान तिनं खाली ठेवलं, अण्णा दिसावेत म्हणून सगळी मान वळवली आणि मला म्हणाली, ‘‘हे सोता लाकूड टाकायचे तवा आधी बटन बंद करायचे गं. रोज बघायची मी. मला वाटायचं, लायटीचं बिल वाचिवत्यात.’’